मालाची वेळ आणि चालकाची झोप

सालाबादप्रमाणे संघाची स्मरणिका निघत आहे आणि सालाबादप्रमाणेच चिटणीसांनी आमच्याकडे चार शब्द मागितले आहेत. आजवर या पानांतून आम्ही कडधान्यांच्या भावांविषयी, वस्तू व सेवा कराविषयी, वखारीतील कीड व ओल यांविषयी लिहीत आलो. यंदा निवडलेला विषय कोणत्याही कीर्द-खतावणीत सापडणार नाही. परंतु प्रत्येक गोणीबरोबर तो आपल्या दारात उतरत असतो. तो विषय म्हणजे आपला माल आणणाऱ्या ट्रकचालकाचे कामाचे तास आणि त्याची विश्रांती. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले दाणेबाजारातील गृहस्थ, कायदेपंडित नव्हे. कलमे आमच्या चिरंजीवांनी काढून वाचून दाखविली. त्यांतील जे समजले आणि जे स्वतःवर बेतले, तेवढेच येथे मांडतो.

गोव्यात पिकणाऱ्या भाताने गोव्याचे पोट भरत नाही, आणि डाळी, गहू, साखर हे जिन्नस तर बहुतांशी बाहेरूनच यावयाचे. पेडण्यात ते पत्रादेवीच्या नाक्यावरून येतात, डिचोलीत दोडामार्गावरून, सत्तरीत चोर्ला घाट उतरून केरीवरून. आपण सारे या तीन वाटांवर जगतो. आमच्या आजोबांच्या काळी हाच व्यापार रामघाटातून बैलांच्या पाठीवर व गाड्यांवर चाले. त्या वाटेवरचे मुक्काम माणसाने नव्हे, बैलाने ठरविलेले असत. बैल थकला की गाडी थांबे आणि गाडी थांबली की गाडीवानही निजे. जनावराचा थकवा हाच माणसाचा पहारेकरी होता. पुढे बैलाच्या जागी इंजिन आले. इंजिन थकत नाही. त्यास डिझेल घातले की ते रात्रभर चालते. म्हणून थांबावयाचे कधी, हे ठरविण्याचे काम माणसावर येऊन पडले. हे काम आपण व्यापाऱ्यांनी किती वाईट रीतीने केले, याचा एक दाखला आमच्याच पेढीचा आहे.

सन २०११ ची गोष्ट. चवथीला चार दिवस उरले होते. आमच्या वखारीतील चणाडाळ व तूरडाळ संपत आली होती, कारण मागणीचा अंदाज आमचाच चुकला होता. लातूरहून दहा टन डाळ मागविली. हुंडेकऱ्याने एक ट्रक दिला. त्याचा चालक आमच्याकडे दहा-बारा वर्षे येणारा, पन्नाशीचा, अत्यंत शांत मनुष्य. घरातील मुले त्यास मामा म्हणत. आम्ही दूरध्वनीवर सांगितले, "उद्या सकाळी सातला माल दारात पाहिजे. लवकर आलास तर पाचशे रुपये वर देऊ." तो पहाटे पाचपासून जागा होता. गिरणीवर भरणीस खोळंबा झाला आणि ट्रक सुटावयास दुपारचे चार वाजले. सोलापूर, मिरज, कोल्हापूर, आजरा असे करीत तो रात्रभर चालला. आंबोलीचा घाट त्याने धुक्यातून आणि पावसातून सुखरूप उतरविला. घाट संपून सरळ रस्ता लागला, मन सैल पडले, आणि पहाटे पाचच्या सुमारास दाणोलीच्या अलीकडे ट्रक रस्ता सोडून नाल्यात गेला.

सुदैवाने प्राणहानी झाली नाही. क्लीनर पोराला खरचटले. मामांचा उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. तो पुढे कधी पुरता सरळ झाला नाही. आणि आता जे सांगणार आहोत ते लिहिताना आजही मान खाली जाते. अपघाताचा निरोप आला तेव्हा आमच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो असा : "माल किती भिजला?" दुसऱ्या दिवशी रुग्णालयात गेलो. मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "शेटजी, तुम्ही सात म्हणालात, म्हणून थांबलो नाही." वाटेत कोल्हापूरला डोळे मिटत होते, तेथे तासभर गाडी लावावी असे मनात आले होते; परंतु सातचा हिशेब चुकेल म्हणून लावली नाही. वेळ आम्ही दिली होती; पाय त्यांचा गेला.

त्यानंतर आम्ही चौकशी केली की, चालकाने किती तास गाडी हाकावी याविषयी देशात काही कायदा आहे की नाही. तो होता, आणि बराच जुना होता. सन १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच चालकाच्या तासांवर बंधन होते. पुढे १९६१ साली मोटार वाहतूक कामगार कायदा झाला. त्या वर्षीच्या मे महिन्यात तो मंजूर झाला आणि डिसेंबरात आपला गोवा मुक्त झाला. त्या कायद्याने दिवसाचे काम ८ तासांचे व आठवड्याचे ४८ तासांचे ठरविले होते. लांब पल्ल्याच्या वाटेवर परवानगीने ते दिवसास १० व आठवड्यास ५४ तासांपर्यंत नेता येई. सलग ५ तास काम झाल्यावर निदान अर्धा तास विसावा द्यावा, मधल्या विसाव्यांसह दिवसाचा पसारा सामान्यतः १२ तासांबाहेर जाऊ नये, आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची विश्रांती असावी, असे त्यात होते. सात दिवसांत एक पूर्ण दिवस सुट्टीचा. अडचणीच्या प्रसंगी त्या सुट्टीच्या दिवशी काम घेतले, तरी पूर्ण सुट्टीवाचून सलग १० दिवसांपेक्षा अधिक काम घेता येत नसे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने चालकाचे तास याच कायद्याशी जोडले होते.

मामांचा दिवस या मापाने मोजून पाहावा. पहाटे पाचला जाग, अकरा तास भरणीची वाट, मग तेरा तास गाडी. एकाच रात्रीत कायद्याची बहुतेक सारी मापे मोडली होती, आणि ती मोडताना कोणीही कायद्याचे नाव घेतले नव्हते. आम्हीही नाही, गिरणीनेही नाही, हुंडेकऱ्यानेही नाही.

हा १९६१ चा कायदा आता राहिलेला नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० साली झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली. जुना कायदा तिच्यात विलीन झाला. दिवसाचे ८ तास, सहा दिवसांमागे एक सुट्टी, वाहतुकीची अडचण असल्यास सलग १० दिवसांची मर्यादा, आणि जादा कामास कामगाराच्या संमतीने दुप्पट वेतन ही तत्त्वे संहितेत आहेत. मधले विसावे व कामाचा पसारा सरकारने अधिसूचनेने ठरवावयाचा आहे. परंतु एक फरक आपण नीट ध्यानात घ्यावा. जुना कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायास लागू होता. संहितेत ही संख्या दहा आहे. आपल्या दारात येणारे ट्रक कोणाचे असतात? बहुधा एक-दोन गाड्यांच्या मालकाचे. पुष्कळदा मालक हाच चालक. त्याच्यापर्यंत हे कलम पोहोचतच नाही. म्हणजे आपल्या मालाच्या बाबतीत कायद्याची जागा आपल्या शब्दालाच घ्यावी लागते.

आणखी एक प्रश्न थांबण्याचा. जुन्या कायद्यात कामाचे तास म्हणजे कामगार मालकाच्या, अथवा त्याची सेवा मागण्याचा अधिकार असलेल्या दुसऱ्या कोणाच्या, स्वाधीन असतो तो वेळ, अशी व्याख्या होती. आणि मुक्कामाच्या ठिकाणी पंधरा मिनिटांपेक्षा कमी नुसते हजर राहणेही कामात मोजले जाई. ट्रक आपल्या वखारीपुढे सहा तास उभा राहतो. हमाल जेवावयास गेलेले, मुकादम बाजारात, आणि चालकास सांगितलेले असते, "आता एवढ्यात बोलावतो." हे सहा तास काम की विश्रांती? आमच्या मते त्याची कसोटी सोपी आहे. त्यास निर्धास्त डोळा मिटता येत असेल तर ती विश्रांती. केव्हाही हाक येईल म्हणून कान टवकारून बसावे लागत असेल तर ते काम. अमेरिकेतील नियम या बाबतीत कडक आहे. तेथे मालवाहू गाडीचा चालक दहा तासांच्या विश्रांतीनंतर अधिकाधिक ११ तास गाडी हाकू शकतो, परंतु ते कामावर हजर झाल्यापासून १४ तासांच्या आतच. त्या चौदा तासांचे घड्याळ भरणी-उतरणीच्या खोळंब्यासाठी सहसा थांबत नाही. तेथे व्यापाऱ्याने चालकास खोळंबविले, तर व्यापाऱ्याचा माल पोहोचण्याचेच तास कमी होतात.

तेथील आठवड्याचा हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. सात दिवसांत ६० किंवा आठ दिवसांत ७० तास काम झाले की पुढे गाडी हाकता येत नाही. मात्र सलग ३४ तास पूर्ण विश्रांती घेतली की मागील तासांची बेरीज पुसली जाते आणि नवी पाटी सुरू होते. युरोपातील देशांत साडेचार तास गाडी हाकल्यावर ४५ मिनिटांचा विसावा सक्तीचा आहे आणि आठवड्याची नियमित विश्रांती ४५ तासांची आहे. आकडे निराळे असले तरी मागचा विचार एकच. झोपेची उधारी ही एका रात्रीत फिटणारी उधारी नव्हे. आपण खतावणीत बाकी पुढे ओढतो, तशी शरीरही ओढते. आणि वेळीच जमा न झाल्यास एके दिवशी एकदम वसूल करते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली असे दाखवून दिले की, सतरा तास जागलेल्या माणसाचे हात व लक्ष, रक्तात शेकडा ०.०५ मद्यांश असलेल्या माणसाइतके मंदावतात. आपल्या देशात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ ही कायदेशीर मर्यादा आहे. आपण आयुष्यात मद्यास स्पर्श न करणारी माणसे. परंतु सतरा तास जागलेल्या चालकास आपण "लवकर ये" म्हणतो, तेव्हा नकळत काय करीत असतो याचा विचार व्हावा. ताशी ६० किलोमीटर वेगाच्या गाडीत तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी ५० मीटर आंधळी धावते.

येथे आपल्या धर्माची एक गोष्ट सांगणे अप्रस्तुत होणार नाही. श्रावकाच्या अहिंसा-अणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत अतिभारारोपण हा एक आहे : आश्रितावर त्याच्या शक्तीपलीकडे भार लादणे. आपले पूर्वज तो बैलांच्या संदर्भात कसोशीने पाळीत. योगायोग असा की, भारत सरकारने ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांविषयी १९६५ साली जे नियम केले, त्यांत जनावरास सलग ५ तासांपेक्षा अधिक आणि दिवसात एकूण ९ तासांपेक्षा अधिक जुंपू नये असे म्हटले आहे. १९६१ च्या कायद्याने माणसासही सलग पाचच तासांची मर्यादा दिली होती. बैलाच्या बाबतीत हा नियम मोडलेला दिसला तर आपल्यापैकी कोणीही गाडीवानास हटकेल. चालकास मात्र आपण बक्षिसी देतो. आपण सूर्यास्तानंतर अन्न घेत नाही आणि सामायिकास अठ्ठेचाळीस मिनिटे स्थिर बसतो. आणि आपला माल घेऊन निघालेल्या माणसास रात्रभरात अर्धा तासही स्थिर बसू देत नाही. भार केवळ वजनाचा नसतो, तासांचाही असतो.

आपल्याच मुलखातील दोन दृश्ये याच्या शेजारी ठेवावीशी वाटतात. पेडणे तालुक्यातील मोपाच्या पठारावर जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्या वैमानिकांचे तास व विश्रांती सरकारी नियमांनी मोजलेली असते. १ जुलै २०२५ पासून त्यांची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर नेण्यात आली. त्याच पठाराखालच्या महामार्गावर पत्रादेवीहून शिरणाऱ्या ट्रकचालकाची झोप कोण मोजतो? केंद्रीय मंत्री श्री. नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२१ मध्ये वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत, असे जाहीरपणे म्हटले होते. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मालट्रकांत चालकाच्या बैठकीस वातानुकूलन सक्तीचे झाले, हे चांगलेच झाले. परंतु थंड हवा ही झोपेची भरपाई नव्हे.

दुसरे दृश्य डिचोलीचे. २०१२ साली खाणी बंद होण्यापूर्वी लोहखनिजाचे ट्रक खाणीपासून मांडवीच्या धक्क्यापर्यंत कसे धावत, हे येथील प्रत्येकाने पाहिले आहे. पैसे खेपेवर मिळत. म्हणून जितक्या खेपा तितकी मिळकत, आणि जितकी विश्रांती तितका तोटा. त्या धुळीला व वेगाला आपण सर्वांनी नावे ठेविली. परंतु आम्ही मामांना देऊ केलेले पाचशे रुपये हे खेपेच्या पैशांहून निराळे होते काय? झोपेवर दंड आणि जागरणास इनाम, हीच दोन्हीकडची रीत होती. याउलट चांगला दाखलाही कोकणातच आहे. १९९९ साली कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णे भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढवून नेण्याची सोय सुरू केली. माल पुढे सरकत असता चालकास अंग टाकता येते, हे तेथे सिद्ध झाले.

आता हिशेबाकडे वळू, कारण आपण हिशेबाची माणसे आहोत. लातूर ते डिचोली अंतर सुमारे साडेपाचशे किलोमीटर. घाट व गावे धरून सरासरी ताशी ३८ किलोमीटर पडली तर साडेचौदा तासांची वाट. एकच चालक असेल आणि आठ तासांचे माप पाळावयाचे असेल, तर सकाळी सहाला सुटलेला ट्रक अकराला अर्धा तास थांबून दुपारी अडीचला मिरजेच्या आसपास पोहोचेल व तेथेच रात्र काढील. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला निघून, मध्ये पुन्हा अर्धा तास विसावून, दुपारी बारा-साडेबाराला आपल्या दारात येईल. आम्ही मागितले होते सकाळी सात. सात आणि साडेबारा यांत अंतर साडेपाच तासांचे. त्या साडेपाच तासांसाठी आम्ही एका माणसाचा पाय खर्ची घातला. करपात्र मालाच्या ई-वे बिलास २०२१ पासून दर २०० किलोमीटरला एक दिवस मुदत असते. म्हणजे एवढ्या वाटेस सरकारी कागदसुद्धा तीन दिवस देतो. पंधरा तास देणारे आम्हीच.

कोणी म्हणेल, सणासुदीस माल वेळेवर नको काय? हवाच. पण तो आठ दिवस आधी मागवावा. दहा टन डाळीची किंमत शंभर रुपये किलोने दहा लाख होते. तीवर शेकडा बारा व्याजाने आठ दिवसांचे व्याज सुमारे २,६३० रुपये, म्हणजे किलोमागे सव्वीस पैसे. चवथीच्या डाळीवर सव्वीस पैसे कोणत्याही गिऱ्हाइकास जड होणार नाहीत.

आमच्या पेढीने त्या अपघातानंतर काही रिवाज घातले आहेत. माल केव्हा पोहोचेल हे आम्ही सांगत नाही. भरणी किती वाजता संपली व चालक किती वाजता उठला हे विचारतो आणि त्यावरून पोहोचण्याची वेळ काढतो. लवकर येण्यास बक्षिसी नाही आणि विश्रांतीमुळे झालेल्या उशिरास भाड्यात कपात नाही. ट्रक दारात आला की तासाभरात उतरणी होणार असेल तर हमाल लावतो. नसेल तर चालकास स्पष्ट सांगतो, "तीन वाजेपर्यंत झोप, तोवर हाक मारणार नाही," आणि मारीत नाही. वखारीमागे एक खोली, दोन खाटा, पंखा, पिण्याचे पाणी व स्नानाची सोय केली आहे. चौदा वर्षांत या रिवाजांमुळे आमचे गिऱ्हाईक तुटले नाही. एकट्या पेढीने केले तर हे रिवाज एका दारापुरते राहतात, कारण चालक आमच्याकडे झोपून पुढच्या दारी पुन्हा धावत सुटतो. म्हणून संघाने हे सर्व सभासदांसाठी ठरावरूपाने मांडावे, आणि पेडणे व डिचोली येथील सभासदांनी मिळून चालकांसाठी एकेक विश्रांतीची जागा करावी, अशी आमची नम्र सूचना आहे.

मामा आता या जगात नाहीत. पाय मोडल्यावर त्यांनी लांबची गाडी सोडली व गावी किराणा मालाचे लहानसे दुकान टाकले. दर चवथीस आम्ही खुशाली विचारीत असू. क्षमापनेच्या दिवशी आपण आप्तांस, भागीदारांस, अडत्यांस, ज्याच्याशी वर्षभर भाडणतंटा झाला त्यासही मिच्छामि दुक्कडं म्हणतो. आमच्या यादीत चालकाचे नाव कधी नव्हते. अपघातानंतरच्या वर्षी आम्ही त्यांच्या गावी जाऊन ते शब्द उच्चारले. त्यांना त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता, आम्ही सांगितला. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "शेटजी, आता जो कोणी तुमचा माल आणतो, त्याला झोपू द्या म्हणजे झाले."

तेवढेच मागणे आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. यंदाच्या क्षमापनेस आपापल्या यादीत एक नाव वाढवावे, आणि त्याच्या आदल्या रात्री त्यास झोपू द्यावे. इत्यलम्.